स्फोटाचा पंचनामा

विमानातून टाकलेल्या बॉम्बमुळे किती माणसे मरतात, किती घरे पडतात आणि किती कारखाने किती दिवस बंद राहतात, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धापूर्वी ज्यांनी ज्यांनी हाताळला त्यांच्यापाशी भीती विपुल होती, नोंदी मात्र फार तुटपुंज्या होत्या. पहिल्या महायुद्धात लंडनवर झालेल्या मोजक्या हल्ल्यांतील मृत व जखमी यांची बेरीज करून आणि तिला पडलेल्या बॉम्बच्या वजनाने भागून ब्रिटिश हवाई खात्याने दर टनास ५० हताहत असा एक दर बांधला. आणि या दराच्या आधारे १९३७ साली साम्राज्य संरक्षण समितीपुढे असा अंदाज आला की, जर्मनीने साठ दिवस हल्ले चालविल्यास सहा लाख माणसे मरतील व बारा लाख जखमी होतील. या आकड्यावर विसंबून इस्पितळांतील खाटा रिकाम्या करण्याचे बेत झाले, शवपेट्यांचा साठा झाला, मुलांना खेड्यांत पाठविण्याच्या याद्या तयार झाल्या. पुढे सहा वर्षांच्या संपूर्ण युद्धात ब्रिटनमधील मुलकी मृतांची संख्या साठ हजारांच्या आसपास राहिली. अंदाज आणि वस्तुस्थिती यांच्यातील हे अंतर भरून काढण्यासाठी जे शास्त्र उदयाला आले, त्याचा जन्म प्रयोगशाळेत कमी आणि ढिगाऱ्यावर उभे राहून पंचनामा करणाऱ्यांच्या वह्यांत अधिक झाला. त्या शास्त्राने काय सिद्ध केले, त्याचा वापर कोणी कसा केला, आणि त्याचे धागे आपल्या मुंबई-पुण्यापर्यंत कसे पोहोचले, याचा हा आढावा आहे.

कांदिवलीसारख्या उपनगरात बसून हा विषय कशासाठी उकरून काढायचा, असे कोणी विचारील तर ते गैर नाही. १९४२ च्या एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबो, विशाखापट्टण आणि काकिनाडा येथे बॉम्ब टाकले, त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून कलकत्त्यावर हल्ले सुरू झाले. मुंबईवर मात्र शत्रूचा एकही बॉम्ब पडला नाही. कांदिवली तेव्हा मुंबई उपनगर जिल्ह्याच्या बोरिवली तालुक्यातील गाव होते आणि १९५७ पर्यंत ते महापालिकेच्या हद्दीतही नव्हते. तथापि भय हद्द पाळत नाही. दिवाबंदीचे हुकूम, ए.आर.पी.च्या (हवाई हल्ला बचाव यंत्रणेच्या) शिट्ट्या, खिडक्यांच्या काचांवर चिकटविलेल्या कागदी पट्ट्या, १९७१ च्या डिसेंबरात मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने झाकलेला, हे सर्व येथील जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येते. काचेवरच्या त्या कागदी पट्टीमागे कोणाच्या तरी मोजमापाचा आधार होता, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात नसते.

ते मोजमाप ज्यांनी सुरू केले त्यांत तीन नावे अग्रभागी येतात. जे. बी. एस. हाल्डेन हे यादवी युद्धाच्या काळात स्पेनला जाऊन आले, तेथील शहरांवरील हल्ले त्यांनी जवळून पाहिले आणि १९३८ साली 'ए.आर.पी.' याच नावाचे पुस्तक लिहून खोल भुयारी आश्रयस्थानांची मागणी त्यांनी सरकारपुढे मांडली. पुढे १९५७ साली ते भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. आपल्याकडे त्यांची ओळख आनुवंशिकीचे पंडित म्हणून आहे, परंतु बॉम्बच्या परिणामांचा विचार सर्वसामान्य नागरिकाच्या बाजूने करणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांतही ते होते. दुसरे जे. डी. बर्नाल, स्फटिकशास्त्राचे अभ्यासक. बर्नाल आणि त्यांचे सहकारी गारवुड यांनी जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर मोठा हल्ला केला तर काय होईल याचे गणित हल्ल्याच्या कितीतरी आधी कागदावर मांडून ठेवले, आणि १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री खरोखरच जळाले तेव्हा ते गणित पुष्कळसे जुळल्याचे आढळले. तिसरे सॉली झुकरमन. ते मुळात वानरांच्या शरीररचनेचे अभ्यासक. त्यांना या कामात कोणी का ओढले असावे, याचे उत्तर त्यांच्या पहिल्याच प्रयोगांत मिळते.

स्फोटाच्या नुसत्या दाबाने मनुष्य मरतो का, हा तो प्रश्न होता. त्या काळच्या अनेक तज्ज्ञांचा समज असा की, दर चौरस इंचास पाच पौंड एवढा दाब फुफ्फुसे फाडण्यास पुरे. झुकरमन यांनी ससे, वानरे व बोकड स्फोटापासून निरनिराळ्या अंतरांवर उभे केले, दाबमापके लावली, मेलेल्या जनावरांचे शवविच्छेदन केले, वाचलेल्यांवर पाळत ठेवली, आणि निष्कर्ष असा काढला की मनुष्याला मारण्यास ४०० ते ५०० पौंडांच्या घरातला दाब लागतो. म्हणजे स्फोटाच्या लाटेने मरणाऱ्यांची संख्या थोडी. मरतात ते भिंत अंगावर पडल्याने, छपराखाली गाडले गेल्याने, काचेच्या तुकड्यांनी, अथवा लाटेने उचलून आपटल्याने. खिडकीवर कागद चिकटवा, जिन्याखाली बसा, उघड्यावर असाल तर पालथे पडा, या साध्या सूचना येथून निघाल्या. मुक्या जिवांचे हाल करून मिळविलेले हे ज्ञान आहे, हे विसरता येत नाही. आणि त्याने हजारो जीव वाचविले, हेही नाकारता येत नाही.

सप्टेंबर १९४० पासून लंडन, बर्मिंगहॅम आणि लिव्हरपूल येथे 'बॉम्ब गणना' सुरू झाली आणि वर्षभरात ती देशभर लागू झाली. पडलेल्या प्रत्येक बॉम्बचे ठिकाण नकाशावर टिपायचे, खड्ड्याचा व्यास व खोली मोजायची, बॉम्बचे वजन व जात ठरवायची, कोणत्या घराची कोणती भिंत कुठवर पडली हे लिहायचे, मृत कोठे सापडला याची जागा दाखवायची. थोडक्यात, आपल्याकडील तलाठी पूर आल्यावर जे करतो तेच, परंतु रोज रात्री आणि सायरन वाजत असताना. गृहसुरक्षा मंत्रालयाच्या संशोधन विभागात या कागदांची छाननी होई. त्यातूनच पुढे 'आर.ई. ८' नावाचे पथक उभे राहिले आणि प्रिन्सेस रिसबरो या लहान गावी बसून त्याने उलट दिशेचा हिशेब आरंभिला: आपल्या शहरांवर पडलेल्या बॉम्बपासून जे शिकलो ते जर्मन शहरांच्या हवाई छायाचित्रांवर ताडून पाहायचे. हेरखात्याला हवी असलेली माहिती अशा रीतीने स्वतःच्या नागरिकांच्या पडक्या घरांतून काढली गेली. या शास्त्राचा दुहेरी स्वभाव येथेच स्पष्ट होतो. ज्या कोष्टकाने आसरा कसा बांधावा हे कळते, त्याच कोष्टकाने परक्याचा आसरा कसा फोडावा हेही कळते.

या कोष्टकाच्या मुळाशी एक साधा नियम आहे, आणि तो समजला म्हणजे पुढचे वाद समजतात. स्फोटक आठपट केले तर नासधूस आठपट अंतरावर पोहोचत नाही. ती दुपटीवरच थांबते, कारण अंतर हे वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. आठ टनांचा एक बॉम्ब एक टनाच्या बॉम्बच्या दुप्पट त्रिज्येत, म्हणजे चौपट क्षेत्रात, विध्वंस करतो. परंतु एकेक टनाचे आठ बॉम्ब निरनिराळ्या ठिकाणी पडले तर ते क्षेत्र आठपट भरते. म्हणून मोठा बॉम्ब की पुष्कळ लहान बॉम्ब, हा केवळ पराक्रमाचा प्रश्न न राहता कारकुनी हिशेबाचा झाला. या हिशेबातून दुसरीही एक नामुष्की उघडकीस आली: जर्मन बॉम्बमध्ये निम्मे वजन स्फोटकाचे असे, तर ब्रिटिशांच्या सर्वसाधारण बॉम्बमध्ये ते तिसऱ्या हिश्श्याहून कमी, बाकी सगळे जाड पोलाद. आणि तिसरी गोष्ट अधिक भीषण होती. दाट वस्तीत वजनामागे वजन धरले तर स्फोटक बॉम्बपेक्षा आगलाव्या बॉम्बने अधिक घरे नष्ट होतात. मार्च १९४२ मध्ये ल्यूबेक आणि जुलै १९४३ मध्ये हँबुर्ग या निष्कर्षाची साक्ष देत जळाले. अमेरिकेत युटा राज्यातील डगवे येथे १९४३ साली जर्मन व जपानी घरांच्या हुबेहूब वसाहती बांधून, आत सामानसुमान मांडून, त्या पुनःपुन्हा जाळून पाहण्यात आल्या. जपानी घरांचा आराखडा ज्यांनी केला ते अँटोनिन रेमंड यांनीच थोडी वर्षे आधी पुद्दुचेरीच्या अरविंदाश्रमासाठी 'गोलकोंद' ही शांत, हवेशीर इमारत रचली होती. मनुष्याच्या हाताला दोन्ही कामे येतात, एवढेच यावर म्हणता येईल.

घनमुळाचा हा नियम कांदिवलीकरांच्या व्यवहारातही डोकावतो. दारूगोळ्याच्या कोठारांमध्ये एकमेकांपासून व वस्तीपासून किती अंतर ठेवावे, याची जगभरची कोष्टके याच नियमावर आधारलेली असतात. ही अंतरे केवळ कागदोपत्री नव्हेत. वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे स्फोट होऊन दोन अधिकाऱ्यांसह किमान सोळा जणांचे बळी गेले, आणि आजूबाजूच्या गावांतील लोक रात्रीच घरे सोडून निघाले. कांदिवली पूर्वेस आकुर्ली रस्ता आणि द्रुतगती महामार्ग यांच्या परिसरात लष्कराचे केंद्रीय आयुध भांडार आहे. लोक त्याला नुसते 'सी.ओ.डी.' म्हणतात. त्याच्या भिंतीपलीकडे समता नगर, ठाकूर संकुल, लोखंडवाला वसाहत अशी वस्ती वाढत गेली, आणि आता जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा प्रश्न आला की 'ना हरकत दाखला' हा शब्द प्रत्येक सोसायटीच्या सभेत उच्चारला जातो. कुलाब्यातील 'आदर्श' इमारतीचे प्रकरण गाजल्यानंतर संरक्षण मंत्रालयाने मे २०११ मध्ये परिपत्रक काढून लष्करी हद्दीपासून १०० मीटरच्या आत, आणि चार मजल्यांहून उंच इमारत असल्यास ५०० मीटरच्या आत, दाखल्याची अट घातली. २०१६ मध्ये अनेक ठाण्यांपुरती ती सैल केली. हे अंतर स्फोटाच्या गणिताने काढलेले नाही. ते नजरेच्या पल्ल्याचे आणि घातपाताच्या धास्तीचे अंतर आहे, आत किती टन काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि नागरिकाला मात्र दोन्ही अंतरे एकच वाटतात, कारण त्याला ती कोणी समजावून सांगत नाही. दाखला न मिळाल्याने अडलेल्या इमारतीतील रहिवाशाची तक्रार खरी आहे, तशीच लष्कराची चिंताही खरी आहे. परंतु दोन्ही बाजूंनी पुढे केलेले आकडे कशाचे मोजमाप आहेत, हे आधी ठरले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

युद्धकालीन संशोधनाचा सर्वांत गाजलेला वाद याच स्वरूपाचा होता. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश विमानांनी काढलेल्या छायाचित्रांची तपासणी झाली, तेव्हा लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगणाऱ्या वैमानिकांपैकी तिसरा हिस्साच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचला होता, असे दिसून आले. जर्मनीतील रूर या औद्योगिक पट्ट्याच्या धुरकट आकाशात तर दहांत एक. कारखाना हेरता येत नसेल तर शहरच लक्ष्य करावे, हा विचार येथून बळावला. झुकरमन व बर्नाल यांच्यावर हल आणि बर्मिंगहॅम या दोन शहरांची पाहणी सोपविण्यात आली. गोदीचे शहर आणि कारखान्यांचे शहर, दोन्ही बॉम्बने चांगलीच भाजलेली. शाळेतील मुलांचे निबंध, कामगारांच्या गैरहजेरीचे पट, घरभाड्याच्या नोंदी, इस्पितळांची दप्तरे, सारे तपासून एप्रिल १९४२ मध्ये त्यांनी असा निष्कर्ष कळविला की, कोणत्याही शहरात लोकांचे धैर्य खचल्याचा पुरावा नाही आणि उत्पादनाचे नुकसान अपेक्षेहून कमी आहे.

हा अहवाल पुरा होण्याआधीच, ३० मार्च १९४२ रोजी, पंतप्रधान चर्चिल यांचे शास्त्रीय सल्लागार लिंडेमन यांनी याच पाहणीचे आकडे घेऊन एक छोटे टिपण पाठविले होते. एक टन बॉम्बने वीस ते चाळीस घरे पडतात आणि शंभर ते दोनशे माणसे बेघर होतात. एक विमान आपल्या आयुष्यात सुमारे चाळीस टन टाकते. म्हणून पुरेशी विमाने बांधली तर जर्मनीच्या अठ्ठावन्न मोठ्या शहरांतील बहुतेकांना घराबाहेर काढता येईल आणि राष्ट्राचा कणा मोडेल, असा त्या टिपणाचा युक्तिवाद होता. आकडे तेच, पंचनामा तोच, निष्कर्ष मात्र उलटा. टिझर्ड व ब्लॅकेट या शास्त्रज्ञांनी ते गणित तपासले; टिझर्ड यांनी ते पाचपट फुगविलेले आहे असे सांगितले, ब्लॅकेट यांनी सहापट. युद्धानंतरच्या पाहणीत ते दहापट ठरले. वाद ते दोघे हरले, कारण सरकारचा निर्णय मनोमन आधीच झालेला होता आणि टिपण त्या निर्णयाच्या समर्थनाला आले होते. युद्धाचा हा सगळा अध्याय चाळला म्हणजे असे वाटते की, शास्त्रज्ञाने आकडा चुकविला तर तो सुधारता येतो. आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरला जाणार हे त्याच्या हातून सुटले की मग त्याला काही उपाय नाही.

१९४४ च्या जूनमध्ये लंडनवर व्ही-१ हे चालकाविना उडणारे बॉम्ब पडू लागले आणि त्याबरोबर आकड्यांचा एक नवा उपयोग निघाला. ते विशिष्ट भागांवर नेम धरून पडतात अशी लोकांची खात्री होती. पुढे आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा भाग ५७६ चौकटींत विभागला आणि त्यांत पडलेले ५३७ बॉम्ब मोजले. एकही बॉम्ब न पडलेल्या चौकटी २२९, एक पडलेल्या २११, दोन पडलेल्या ९३, तीन पडलेल्या ३५, चार पडलेल्या ७, आणि त्याहून अधिक केवळ १. निव्वळ योगायोगाने पडल्यास संभाव्यतेचे गणित जे सांगते त्याच्याशी हे आकडे आश्चर्यकारक जुळले. शत्रूला शहर दिसत होते, गल्ली दिसत नव्हती. परंतु याच वेळी ब्रिटिश गुप्तहेर खाते एक धूर्त खेळ खेळत होते. जर्मनांचे जे हेर ब्रिटिशांच्या मुठीत आले होते त्यांच्यामार्फत असे कळविले जाई की बॉम्ब लंडन ओलांडून पलीकडे पडत आहेत. म्हणजे जर्मन पल्ला आखूड करतील आणि बॉम्ब दाट मध्यवस्तीऐवजी दक्षिणेकडील उपनगरांत पडतील. मृतांची एकूण संख्या त्याने घटेल, हे गणित बरोबर होते. परंतु कोणी मरावे याचा निवाडा कचेरीत बसून करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, असा आक्षेप मंत्रिमंडळातच हर्बर्ट मॉरिसन यांनी घेतला. योजनेचे एक शिल्पकार आर. व्ही. जोन्स यांच्या आईवडिलांचे घर त्याच दक्षिण भागात होते. उपनगरात राहणाऱ्या वाचकाने हा प्रसंग सावकाश वाचावा. शहराच्या हिताचा विचार करताना उपनगराकडे पाहण्याची एक दृष्टी त्यात दिसते.

युद्ध संपत आले तसे मोजणीचे काम प्रचंड झाले. नोव्हेंबर १९४४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बॉम्बवर्षाव पाहणी मंडळाने युरोप व पॅसिफिक मिळून तीनशेहून अधिक अहवाल काढले. त्याच्या आर्थिक विभागाचे प्रमुख जॉन केनेथ गालब्रेथ, जे पुढे १९६१ साली दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते, यांना असे आढळले की १९४४ च्या मध्यापर्यंत जर्मनीचे शस्त्रोत्पादन बॉम्बवर्षावाखालीही वाढतच होते; तेलशुद्धी आणि रेल्वे यांवरचे हल्ले मात्र वर्मी लागले. हिरोशिमा व नागासाकी येथे विल्यम पेनी या गणितज्ञाने वाकलेले ध्वजस्तंभ आणि चेपलेले पेट्रोलचे डबे गोळा केले आणि डबा किती चेपला यावरून तेथील दाब व अखेरीस बॉम्बची शक्ती मोजली. ज्या प्रलयात घड्याळेही वितळली तेथे एका चेपलेल्या डब्याने साक्ष द्यावी, यात या शास्त्राची सारी हिकमत सामावली आहे.

भारतात या परंपरेचा प्रवेश ब्लॅकेट यांच्या पावलांनी झाला. जानेवारी १९४७ मध्ये विज्ञान परिषदेसाठी ते आले असता पंडित नेहरूंनी त्यांच्याशी संरक्षणासंबंधी बोलणे काढले. त्यांच्या सल्ल्यावरून १९४८ साली संरक्षण विज्ञान संघटना उभी राहिली आणि दौलतसिंह कोठारी तिचे पहिले शास्त्रीय सल्लागार झाले. पुण्याच्या परिसरात, जेथे खडकीचा दारूगोळा कारखाना एकोणिसाव्या शतकापासून चालू होता, शस्त्रास्त्रविद्येची संस्था १९५२ साली निघाली आणि शस्त्रास्त्र संशोधनाचे मोठे केंद्र १९५८ साली स्थापन झाले. परंतु या काळातील खरी मोलाची कृती म्हणजे १९५६ साली निघालेले 'न्यूक्लिअर एक्स्प्लोजन्स अँड देअर इफेक्ट्स' हे कोठारींचे पुस्तक, जे नेहरूंच्या प्रेरणेने, भाभा आणि मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व. रा. खानोलकर यांच्या साहाय्याने तयार झाले. अणुस्फोटांच्या परिणामांची उपलब्ध माहिती एकत्र करून ती नागरिकांच्या हाती उघडपणे ठेवणारे पुस्तक, महासत्ता आपापली पुष्कळशी दप्तरे कुलपात ठेवीत असताना, एका नवस्वतंत्र राष्ट्राच्या सरकारने छापले. टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या मराठी डॉक्टराने बॉम्बचा विचार पेशींच्या अंगाने करावा, ही त्यातली लक्षणीय बाजू; झुकरमन यांच्या सशांपासून निघालेला धागा येथे आपल्या हाती आलेला दिसतो.

प्रत्यक्ष बॉम्बवर्षावाचा अनुभव आपल्या प्रदेशाने घेतला तो १८ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यात. पुण्याच्या तळावरून निघालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३,००० पौंड बॉम्ब टाकले, नंतर आठ विमानांची दुसरी फेरी झाली, आणि हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. विमानतळाच्या इमारतींना धक्का लावू नये असा स्पष्ट हुकूम होता आणि तो पाळला गेला. कागदोपत्री धावपट्टी निकामी झाली होती. त्याच रात्री दोन प्रवासी विमाने उरलेल्या व घाईने डागडुजी केलेल्या पट्टीवरून उडाली आणि कराचीला पोहोचली. धावपट्टी म्हणजे खड्डे बुजविले की पुन्हा धावपट्टी. हा धडा दहा वर्षांनी भुजला आपल्याच बाजूने गिरविला गेला, जेव्हा माधापरच्या सुमारे तीनशे स्त्रियांनी पाकिस्तानी बॉम्बनी फोडलेली धावपट्टी तीन दिवसांत दुरुस्त केली.

कालक्रम मोडून मुंबईचा प्रसंग शेवटी ठेवला आहे, कारण बॉम्बच्या परिणामांचा सर्वांत मोठा प्रयोग, कोणी न योजलेला, येथे शत्रूच्या विमानाविना घडला. १२ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके, कराचीत चढविलेल्या कापसाच्या ८,७०० गाठी, तेलाची पिंपे, इमारती लाकूड आणि सोन्याच्या विटा एकत्र होत्या. स्फोटके असल्याचा तांबडा बावटा मात्र लावलेला नव्हता. १४ तारखेच्या दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरातून धूर दिसला. बंबवाल्यांनी नऊशे टनांहून अधिक पाणी आत ओतले. जहाज गोदीबाहेर न्यावे की जागीच बुडवावे, यावर अधिकाऱ्यांचे एकमत होईना. बुडवावे तर पाणी पुरेसे खोल नव्हते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. 'जलपद्म' या जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन धक्क्यावर आदळला, बारा किलोमीटरपर्यंत काचा फुटल्या, शिमल्याच्या भूकंपमापकावर धक्का नोंदला गेला, आणि जळत्या कापसाचे बोळे मांडवी व मशीद बंदरच्या गोदामांवर पडून दाणाबंदरचे धान्य पेटले. कांदिवली तेथून सुमारे अठ्ठावीस किलोमीटर. जपानी विमाने आली, अशी वदंता शहरभर पसरली. सरकारने बातमी दडपली. जपानच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने ती दुसऱ्या दिवशी सांगितली, आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांना मोकळेपणाने छापण्यास मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला.

लंडनच्या ढिगाऱ्यावर ज्याची नोंद होई ते सर्व येथे होते: दाब, आग, पडलेल्या भिंती, काचा, बेघर झालेली वस्ती. नोंद झाली ती मात्र वेगळ्या हेतूने. चौकशी आयोगाने जबान्या घेतल्या त्या दोष ठरविण्यासाठी. १९४४ च्याच वटहुकुमाने नुकसानभरपाईची सोय केली आणि मालाचे व इमारतींचे दावे दाखल झाले. कोणाच्या गोदामात किती गाठी, किती पोती, कोणाच्या चाळीचे किती मजले, याचे कागद होते म्हणून त्यांचे मोल ठरू शकले. अग्निशामक दलाच्या ६६ जवानांचे बळी गेले, त्यांची नावे पटावर होती म्हणून ती दगडावर कोरता आली आणि देशभरात १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जाऊ लागला. एकूण मृतांचा आकडा मात्र सरकारी हिशेबात सातआठशेच्या घरात आणि इतर अंदाजांत तेराशेच्या वर, असा आजवर हेलकावत राहिला आहे. गोदीत रोज सकाळी टोळीवाला जितके हमाल उभे करी तितके कामाला लागत, आणि संध्याकाळी मजुरी घेऊन पांगत. त्यांची नावे टोळीवाल्याच्या तोंडी, गोदीच्या दप्तरात नाहीत. झुकरमन यांच्या कोष्टकांत हताहतांचा दर काढताना लोकसंख्येची दाटी आधी ठाऊक असावी लागते. व्हिक्टोरिया गोदीत त्या दुपारी किती माणसे होती, हेच कोणाला ठाऊक नव्हते. गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा १९४८ साली झाला आणि मुंबईत त्याखालची योजना १९५१ साली सुरू होऊन हजेरीपटावर नावे चढू लागली.